मांजराचा ताप हाताने कळत नाही: विदर्भातील खेड्यात मांजर पाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मांजराच्या कानाला किंवा पोटाला हात लावून "याले ताप हाय" असे ठरवणे ही आपल्याकडील सर्वांत जुनी आणि सर्वांत फसवी तपासणी आहे. निरोगी मांजराच्या शरीराचे तापमान साधारण १००.४ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसापेक्षा दोन ते चार अंशांनी अधिक, आणि त्यामुळे धडधाकट मांजरही आपल्या तळहाताला तापल्यासारखेच लागते. उलट मे महिन्यात, जेव्हा आपला हात, खाट, भिंत आणि माठाखालची तिवईसुद्धा तापलेली असते, तेव्हा खरोखर तापलेल्या मांजराचा ताप हाताला जाणवतच नाही. नाक ओले की कोरडे, हा दुसरा घरगुती निकषही तितकाच कच्चा आहे. आमची मनी चुलीजवळून उठून आली की तिचे नाक खडखडीत कोरडे असते, आणि ती मात्र उंदरामागे कवेलूंवरून धावत असते.

मांजर आजार लपवते, हे त्याहून मोठे कारण आहे. बैल आजारी पडला की रवंथ थांबते, कान पडतात आणि कास्तकाराला ते लांबूनच कळते. मांजर मात्र तुराट्यांच्या ढिगाआड किंवा कणगीमागे जाऊन गुपचूप बसते, आणि घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत दोन दिवस सहज उलटून जातात. म्हणून तापमापक वापरायला शिकणे आणि त्यासोबत दिसणारी इतर लक्षणे वाचता येणे, ही दोन्ही कामे मांजर चांगले असतानाच शिकून घ्यावीत.

निरोगी मांजर आधी मोजून ठेवावे

मेडिकलच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल तापमापक यासाठी पुरेसा आहे. पाऱ्याचा काचेचा तापमापक मांजरासाठी अजिबात वापरू नये, कारण मांजराने एक झटका दिला की काच आणि पारा दोन्ही नको तिथे सांडतात. कपाळासमोर धरायचे बंदुकीसारखे यंत्र केसाळ अंगावर भरवशाचा आकडा देत नाही. काखेत लावलेला तापमापक साधारण एक-दोन अंश कमी दाखवतो आणि तो फरकही दर वेळी सारखा नसतो. विश्वासाचा आकडा गुदद्वारातूनच मिळतो. मांजराचा तापमापक वेगळा ठेवावा आणि त्याच्या मागच्या टोकाला लाल दोरा बांधावा, म्हणजे घरातील कोणी चुकून तो तोंडात धरणार नाही.

या मोजणीला दोन माणसे लागतात. खोलीचे दार आधी लावून घ्यावे, कारण एकदा मांजर आढ्यावर चढले की त्या दिवसाची मोजणी संपली. धावणे, भांडण किंवा उन्हात लोळणे झाले असेल तर अर्धा तास थांबावे, अन्यथा आकडा चढा येतो. एकाने मांजर पोत्यावर किंवा जुन्या दुपट्ट्यावर बसवून त्याची छाती आपल्या कोपराच्या वळणात धरावी आणि दुसऱ्या हाताने खांद्यावर हलका दाब ठेवावा. मानगूट पकडून लटकवू नये. दुसऱ्याने तापमापकाच्या टोकाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे, शेपूट मुळाशी धरून अलगद वर करावे आणि टोक गुदद्वाराला टेकवून क्षणभर तसेच ठेवावे. तिथला स्नायू आधी आवळला जातो आणि काही सेकंदांत सैल पडतो. तो सैल पडला की तापमापक हलके फिरवत, पाठीच्या रेषेला समांतर, मोठ्या मांजरात साधारण एक इंच आणि पिल्लात त्याच्या निम्म्याहून कमी आत सरकवावा. अडथळा जाणवला तर जोर लावू नये. आवाज येईपर्यंत तापमापकाला हात लावूनच ठेवावा.

बाहेर काढल्यावर आकड्यासोबत टोकही पाहावे. त्यावर रक्त, शेंबडासारखा चिकट पदार्थ किंवा तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसले, तर ती माहिती डॉक्टरांना आकड्याइतकीच उपयोगी पडते. ते पांढरे तुकडे बहुधा पट्टकृमीचे असतात. तापमापक साबण आणि थंड पाण्याने धुऊन स्पिरिटने पुसावा. डेटॉल आणि फिनाइल मांजराच्या आसपास वापरू नयेत, कारण त्यांतील फिनॉल गटातील द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि फिनाइलने पुसलेल्या फरशीवरून चाललेले मांजर नंतर आपलेच पंजे चाटते.

आणखी एक गोष्ट मी अनुभवाने शिकलो. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत पडलेला तापमापक सुरू करताच, मांजराला लावण्याआधीच, मोठा आकडा किंवा मर्यादेबाहेरची खूण दाखवू लागतो. त्यामुळे उन्हाळ्यात तो माठाजवळ ठेवावा आणि वापरण्यापूर्वी त्याचे टोक गार पाण्यात बुडवून पुसून घ्यावे.

निरोगी असताना हिवाळ्यात, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात प्रत्येकी दोन-तीन वेळा, शक्यतो सकाळी, मोजून आकडे वहीत लिहून ठेवावेत. आपल्या मांजराचा नेहमीचा आकडा १००.८ आहे की १०२ आहे, हे माहीत असल्याशिवाय आजारपणातील १०२.६ या आकड्याला अर्थ येत नाही.

आकडा कसा वाचावा

१०२.५ ते १०३ या पट्ट्यात घाबरण्यापेक्षा तासाभराने पुन्हा मोजावे, कारण पकडापकडीच्या ताणानेही मांजराचे तापमान चढते. १०३ च्या वर आकडा टिकून राहिला तर तो ताप समजावा आणि खाणे, पाणी, श्वास यांकडे बारकाईने पाहावे. १०४ असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. १०५ आणि त्यापुढचा आकडा तातडीचा असतो, आणि १०६ च्या पुढे मेंदू, मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची क्रिया यांना इजा होऊ लागते.

खालच्या बाजूचा आकडा लोक दुर्लक्षित करतात, आणि माझ्या मते ती अधिक घातक चूक आहे. "अंग गार हाय, म्हंजे ताप उतरला" असे म्हणून जे मांजर झोपू दिले जाते, ते अनेकदा सकाळपर्यंत राहत नाही. दोन दिवस १०४ असलेले आणि काहीही न खाणारे मांजर अचानक ९८ वर आले, तर ते बरे झालेले नसून कोलमडत आहे असे समजावे. तापमापक नीट आत गेला होता याची खात्री करून घ्यावी, आणि तरीही आकडा ९९ च्या खाली असेल तर मांजराला ऊब देत डॉक्टरांकडे निघावे. उलट्या-जुलाबाने आटलेले मांजर, विषबाधा झालेले मांजर आणि लघवी तुंबलेला बोका ही सगळी शेवटी थंड पडतात.

नवजात पिल्लांचे गणित वेगळे आहे. पहिल्या आठवड्यात त्यांचे तापमान ९५ ते ९८ च्या आसपासच असते, त्यांना कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही, आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती मोठ्या मांजराच्या आकड्याला पोचतात. डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा नागपूर-गोंदियाकडे रात्रीचा पारा दहा अंश सेल्सिअसच्या खाली जातो, तेव्हा आईपासून दुरावलेले पिल्लू आधी भुकेने नव्हे तर थंडीने दगावते. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवावी, अंगाला थेट चिकटवू नये, आणि पिल्लू ऊबदार होईपर्यंत दूध पाजू नये, कारण थंड पडलेल्या पिल्लाची पचनक्रिया बंद असते आणि पाजलेले दूध फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो.

ताप आणि ऊन लागणे यांत गल्लत करू नये

तापमापकाला दोन्हींत फरक दिसत नाही, पण उपाय एकमेकांच्या उलट आहेत. जंतुसंसर्गात मेंदूच शरीराचा नेमलेला आकडा वर नेतो आणि शरीर त्या आकड्याशी जुळवून घेण्यासाठी उष्णता धरून ठेवते. अशा मांजराला गार पट्ट्या ठेवल्या किंवा पाण्यात बुडवले, तर ते कुडकुडून आणखी उष्णता निर्माण करते आणि थकते. ऊन लागलेल्या मांजरात मेंदूचा आकडा जागेवरच असतो. शरीर मात्र बाहेरची उष्णता काढून टाकू शकत नाही. त्याला थंड करणे हाच उपचार आहे.

नवतप्याच्या दिवसांत चंद्रपूर, ब्रह्मपुरी किंवा अकोल्याकडे ४५ अंश सेल्सिअस, म्हणजे ११३ फॅरनहाइट, असे तापमान असते आणि ते मांजराच्या अंगापेक्षा दहा अंशांहून अधिक आहे. मांजराला घाम येतो तो प्रामुख्याने पंज्यांच्या गाद्यांना, आणि बाकी थंडावा ते अंग चाटून लाळेच्या वाफेतून मिळवते. हे आपल्या डेझर्ट कूलरसारखेच काम आहे. त्यामुळे जून संपताना पाऊस उघडीप देतो, हवा दमट होते आणि कूलर निव्वळ ओलावा फेकू लागतो, तेव्हा मांजराचे चाटणेही तितकेच निरुपयोगी ठरते. ऊन फक्त मे महिन्यात लागते, हा समज म्हणूनच सोडावा.

गावात हा अपघात बहुतेक वेळा कुलपामुळे घडतो. सकाळी वावरात जाताना टिनाच्या खोलीला कुलूप लागते, आत पोत्यांवर झोपलेले मांजर कोणी पाहत नाही, आणि संध्याकाळी दार उघडल्यावर ते तोंड उघडे टाकून धापा टाकत असते. कुत्र्याचे धापणे नेहमीचे असते, मांजराचे नसते. उघड्या तोंडाने श्वास, गळणारी लाळ, गर्द लाल हिरड्या आणि झोकांड्या ही लक्षणे दिसली की आधी मांजराला सावलीत, हवेशीर जागी आणावे. माठातले साधे गार पाणी पोट, काखा, जांघा, पंजे आणि कानांवर शिंपडून केस मुळापर्यंत ओले करावेत आणि मग पंखा लावावा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण ११३ अंशांची हवा कोरड्या अंगावर सोडली तर पंखा मांजराला थंड न करता तापवतोच. बर्फ लावू नये; त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. ओले बारदान अंगावर टाकून सोडून देऊ नये, कारण दोन मिनिटांत तेच बारदान गरम गोधडीसारखे काम करू लागते. शुद्ध हरपत असलेल्या मांजराच्या तोंडात पाणी ओतू नये. दर पाच मिनिटांनी तापमान मोजावे आणि आकडा १०३ वर आला की पाणी थांबवून अंग पुसावे, नाहीतर उतरण चालूच राहून मांजर पार थंड पडते. ते उठून बसले, पाणी प्यायले, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मूत्रपिंडाची आणि रक्त गोठण्याची बिघाडे पुढच्या एक ते तीन दिवसांत उघडी होतात.

ताप आला तरी पॅरासिटामॉल देऊ नये

हे वाक्य या लेखातील सर्वांत महत्त्वाचे आहे. माणसाच्या तापावरची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते, आणि अर्धी किंवा पाव गोळीही सुरक्षित नाही. हे औषध निकामी करण्यासाठी यकृतात जी क्रिया लागते, ती मांजरात फार दुबळी असते. त्यामुळे औषधाचे विषारी अंश रक्तातील हिमोग्लोबिन बिघडवतात आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. काही तासांत हिरड्या निळसर किंवा तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास जड होतो. लहान मुलांचे तापाचे गोड सिरपही तेच औषध आहे, ही गोष्ट कळकळीने पाजणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि अ‍ॅस्पिरिनही घरच्या घरी देऊ नयेत. गोळी आधीच दिली गेली असेल तर किती वाजता आणि किती, हे न लाजता डॉक्टरांना सांगावे. लवकर पोचल्यास त्यावर उतारा आहे.

तापामागचे नेहमीचे कारण: चावा

गावात मोकळ्या फिरणाऱ्या बोक्याला ताप आला, तर माझा पहिला संशय भांडणावर असतो. मांजराचा सुळा सुईसारखा असतो. तो खोल जातो, वरचे भोक एक-दोन दिवसांत मिटते आणि आत पू साठत जातो. आमचा काळ्या दोन वर्षांपूर्वी खाटेखाली दीड दिवस बसून होता आणि मी ते रुसणे समजलो, कारण आदल्या दिवशी मी त्याला दुधाच्या भांड्यावरून हाकलले होते. तिसऱ्या दिवशी त्याच्या शेपटीच्या मुळाशी हात गेला तेव्हा तो गुरगुरला, आणि केस बाजूला केल्यावर तुरीच्या दाण्याएवढी खपली व तिच्याभोवती लिंबाएवढी सूज दिसली. तापमान १०४.२ होते. डॉक्टरांनी गळू फोडून धुतले आणि प्रतिजैविक दिले. तेव्हापासून मी सुस्त बोका दिसला की केसांच्या उलट दिशेने बोटे फिरवून मान, पुढचे पाय आणि शेपटीचे मूळ चाचपतो. गळू घरी पिळू नये आणि त्यावर हळद भरून तोंड बंद करू नये. पू बाहेर वाहायलाच हवा.

शिंका, चिकट डोळे आणि तोंडातील फोड असतील तर तो बहुधा विषाणूंमुळे होणारा मांजरांचा फ्लू असतो. अशा मांजराला वास येत नाही म्हणून ते खात नाही; डोळे-नाक कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून मासळी किंवा चिकन किंचित कोमट करून समोर ठेवल्यास ते अनेकदा तोंड लावते. पिल्लांमध्ये ताप, सततची उलटी, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसणे आणि न पिणे ही लक्षणे पॅनल्यूकोपेनियाची असू शकतात. हा आजार झपाट्याने मारतो, दुसऱ्या पिल्लांना लागतो आणि लसीने टळतो.

तापमापक काही सांगत नसताना

आकडा सामान्य आहे म्हणून मांजर निरोगी आहे, असा निष्कर्ष काढू नये. ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात: त्या गुलाबी असाव्यात, आणि बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावा. काळ्या हिरड्यांच्या मांजरात खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. हिरड्या, कानाची आतली कातडी किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर ती कावीळ आहे. झोपलेल्या मांजराच्या छातीचे वर-खाली होणे मिनिटभर मोजावे. ३० पर्यंत ठीक, झोपेतही ४० च्या वर असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर ती हळूहळू खाली बसत असेल तर अंगातले पाणी आटले आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा अर्धा वर आलेला दिसणे आणि चाटणे थांबल्यामुळे केस राठ होणे, ही मांजराची न बोलता केलेली तक्रार आहे.

मोठ्या मांजराने चोवीस तास काही खाल्ले नाही तर वहीत नोंद करावी, आणि दोन दिवस झाले तर ताप असो वा नसो, दाखवावे. विशेषतः लठ्ठ मांजर उपाशी राहिले की शरीरातील चरबी यकृतात साठून यकृतच निकामी होऊ लागते.

बोका राखेत किंवा वाळूत पुन्हा पुन्हा बसतो, जोर करतो, ओरडतो आणि लघवीचा थेंबही पडत नाही, हे दृश्य घरचे लोक बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत मरतो आणि त्याचे तापमान बहुधा चढत नाही, उतरतेच. ही वेळ सकाळची वाट पाहण्याची नसते.

कपाशीच्या पट्ट्यात ऑगस्टपासून फवारणी सुरू झाली की विषबाधेचा विचार आधी करावा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून माणसे दगावली. ओल्या पऱ्हाटीतून फिरून आलेले आणि मग अंग चाटणारे चार किलोचे मांजर किती धोक्यात असते, हे वेगळे सांगायला नको. लाळ, डोळ्यांतून पाणी, टाचणीएवढ्या बाहुल्या आणि स्नायूंचे फडफडणे ही ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकांची लक्षणे आहेत. ढोरांच्या गोचिडांवर वापरतात ती डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनची औषधे आणि कुत्र्यासाठीची परमेथ्रिनची औषधे मांजराला कधीही लावू नयेत. त्यांनी झटके येतात, झटक्यांनी तापमान १०५ वर जाते आणि लोक त्याला ताप समजतात. अंगावर औषध असेल तर हातमोजे घालून कोमट पाणी आणि साबणाने धुवावे, आणि औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्यावे. कोणता उतारा द्यायचा हे त्यावर ठरते.

एका प्रसंगी मात्र तापमापक बाजूला ठेवावा. शांत मांजर अचानक अंगावर येत असेल, आवाज बदलला असेल, लाळ गळत असेल आणि गिळता येत नसेल, तर रेबीजची शक्यता धरून त्याला हात लावू नये, दार बंद करून पशुवैद्यकाला कळवावे. चावा किंवा ओरखडा बसला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस सुरू करावी.

दवाखान्यात नेताना

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः ढोरे आणि शेळ्यांसाठी असतो, तरी मांजर न्यायला संकोच करू नये. निघण्यापूर्वी फोन करून डॉक्टर आहेत का ते विचारावे. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. अवघड आजारासाठी १९५८ पासून चालू असलेले नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था हे विदर्भातील मोठे आधार आहेत. फोनवर "मांजर सुस्त हाय" एवढेच न सांगता वय, अंदाजे वजन, नर की मादी, शेवटचे खाणे आणि लघवी कधी झाली, तापमानाचे आकडे वेळेसह आणि घरी काय काय दिले, हे सांगावे. नेण्यासाठी भाजीच्या प्लॅस्टिक कॅरेटवर दुसरे कॅरेट उपडे घालून दोरीने बांधावे. पोत्यात घालून दुचाकीवर नेलेले मांजर मे महिन्यात वाटेतच ऊन लागून बेशुद्ध होते. शक्यतो सकाळी आठच्या आत निघावे.

परत आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकाच वेळी तापमान मोजावे, सलग तीन दिवस आकडा नेहमीच्या जागी येईपर्यंत नोंद थांबवू नये, आणि मांजर खेळू लागले म्हणून प्रतिजैविकाच्या उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देऊ नयेत. काळ्याच्या पानावर त्या आठवड्याच्या ओळी अशा आहेत: "सोमवार सकाळ १०४.२, काही खाल्ले नाही. मंगळवार सकाळ १०२.९, पाणी प्यायला. बुधवार संध्याकाळ १०२, झिंगे खाल्ले. गुरुवार सकाळ १०१.४, खाटेखालून निघून पुन्हा दुधाच्या भांड्यावर."